नाव घ्या की गुरुजी!

डिसेंबर सरत आला की आमच्या जालना जिल्ह्यात कापसाची शेवटची वेचणी उरकते, तुरीच्या शेंगा वाळायला लागतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून दुपारच्या खिचडीनंतर स्पीकरचा आवाज यायला लागतो. पहिल्या दिवशी एकच गाणं पाच वेळा वाजतं, दुसऱ्या दिवशी दहा वेळा. आठवडाभरात शाळेला लागून असलेल्या रानात खुरपायला आलेल्या बायांनाही त्याच्या स्टेप पाठ होतात. मग समजायचं, गॅदरिंग आलं.

आधी पत्रिका येते. आत उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती आणि सन्माननीय उपस्थिती. या तीन उपस्थित्यांमध्ये फरक काय, असं मी एका मुख्याध्यापकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "फरक कशाचा आलाय? नाव राहिलं की माणूस रुसतो, आणि रुसलेला माणूस मंडपाला बांबू देत नाही." मागच्या पानावर शाळा व्यवस्थापन समिती, सगळे शिक्षक, तरुण मंडळ आणि कोणी सुटायला नको म्हणून ‘समस्त गावकरी मंडळी’. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट, त्या लेकरांची सोय ‘विद्यार्थी व विद्यार्थिनी’ एवढ्या ओळीत झालेली असते.

तारीख ठरवणं पत्रिकेपेक्षा अवघड. 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, 12 ला जिजाऊ जयंती, 26 ला झेंडा. त्यातल्या 12 तारखेचं तर नावच काढू नये. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेड राजा बुलढाणा जिल्ह्यात असलं तरी जालन्याहून तासाभरात येतं. त्या दिवशी निम्मा जिल्हा तिकडं असतो आणि जालन्यात भाड्यानं ड्रेस देणाऱ्याकडं ना जिजाऊंची नऊवारी उरते, ना शिवबाचा जिरेटोप. उशिरा सांगणाऱ्या शाळेला मग झाशीच्या राणीवर भागवावं लागतं.

पात्रांची निवड कलागुणांवर होते, असा बाहेरच्यांचा समज आहे. आमच्याकडं ती हजेरीपटावर होते. कोणतंच लेकरू स्टेजवाचून राहता कामा नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेच्या फाटकात उभी. म्हणून पोवाड्यात पटावर जेवढी पोरं शिल्लक, तेवढे मावळे. महाराज व्हायला सगळे तयार असतात, अफजलखान व्हायला कोणीच नाही. ती जागा सातवीतल्या सगळ्यात आडव्या पोराला लागते आणि वर्षभर त्याला त्याच नावानं हाक बसते. पहिली-दुसरीची पिल्लं काहीही चुकली तरी टाळ्याच घेतात. खरी पंचाईत सहावी, सातवी आणि आठवीची. आठवीच्या पोरांना मिशी फुटायला लागलेली असते, त्यामुळं काजळाची मिशी काढायचं काम वाचतं, पण ती पोरं मुलींसोबत नाचायला तयार नसतात. दम देऊन उभी केली तरी मधे बैलगाडी जाईल एवढं अंतर ठेवतात. मुली मात्र चोख असतात. स्टेप त्यांनीच बसवलेल्या असतात. बाईंचं नाव नुसतं पत्रिकेत.

शिवाय अर्धं नाटक दिवाळीनंतर उठून जातं. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि त्यांच्यासोबत कधी वासुदेव जातो, कधी दारूबंदीच्या नाटिकेतली बायको. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी जी लेकरं राहतात, त्यांच्यावर पुन्हा नव्यानं वाटप करायचं. एका शाळेत मी एकाच पोराला पोवाड्यात मावळा, नाटिकेत डॉक्टर आणि शेतकरी गीतात बैलाचं मागचं अर्धं अंग झालेलं पाहिलं आहे. टाळ्या बैलाला जास्त पडल्या.

आणि कोळीगीत. ते नसलेलं गॅदरिंग मी जिल्ह्यात पाहिलं नाही. समुद्र इथून चारेकशे किलोमीटर. एप्रिल उजाडला की टँकर कधी येतो म्हणून ज्या गावाची मान रस्त्याकडं वळते, तिथं सहावीच्या मुली डोक्याला फूल लावून, डोळ्यावर आडवा हात धरून लाटा बघतात. वल्ही पुठ्ठ्याची. जाळं म्हणून गुरुजींच्या घरची मच्छरदाणी. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं एकदा शेजाऱ्याला विचारलं, "ही लेकरं काय शोधायलीत?" शेजारी म्हणाला, "पाणी."

प्रत्यक्ष कार्यक्रम संध्याकाळी सहाला असतो, म्हणजे आठला सुरू होतो. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून वर टाकलेल्या फळ्या. जिथं आमदार निधीतून पक्कं स्टेज झालंय, तिथं स्टेजपेक्षा निधीची पाटी आधी दिसते. दीपप्रज्वलनाला वारा सुटतोच. काडेपेटी एका पाहुण्याकडून दुसऱ्याकडं जाते आणि शेवटी ज्याच्या खिशात लायटर निघतं, त्याच्याकडं सगळं गाव वेगळ्या नजरेनं बघतं, कारण थोड्या वेळानं त्यालाच व्यसनमुक्तीवर बोलायचं असतं.

मग सत्कार. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात, असं ठरवून दिलं. खुर्चीवर कोणी बसायचं ते मात्र कायद्यात लिहायचं राहून गेलं, म्हणून बऱ्याच ठिकाणी नाव सौभाग्यवतींचं पुकारतात आणि नारळ घ्यायला त्यांचे मालक उठतात. सौभाग्यवती तेव्हा स्टेजच्या मागं असतात, पोरीच्या काष्ट्याला पिना लावत. तिथं सात-आठ मुली नटून, लाली लावून, थंडीत कुडकुडत ओळीनं उभ्या. त्यांची पाळी शाली संपल्यावर. शाली संपल्या तरी भाषणं उरतात. "मी आपला जास्त वेळ घेणार नाही," असं म्हणणारा पाहुणा किती वेळ घेतो, हे पहिल्या रांगेत बसल्या बसल्या झोपलेल्या अंगणवाडीच्या पोरांवरून मोजता येतं.

भाषणात लेकरं पाहुण्यांपेक्षा शहाणी. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यातलं असल्यामुळं त्यांच्यावर भाषण असतंच. चौथीचं पोरगं माईक गिळल्यासारखं धरतं, "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" एवढं एका श्वासात म्हणतं, समर्थांना बोहल्यापर्यंत आणतं आणि ‘सावधान’ ऐकताच स्वतःच सगळं विसरतं. दोन क्षण मंडपाच्या छताकडं बघतं. मग थेट "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र" म्हणून खाली उतरतं. विसरल्यावर थांबायचं असतं, ही अक्कल त्या वयात असते. पुढं पद मिळालं की ती का जाते, याचा शोध कोणी तरी घ्यायला हवा.

एरवी आमची लेकरं माईकला बुजत नाहीत, त्यालाही कारण आहे. बाकीच्या महाराष्ट्रात शाळेचा झेंडा तीनदा, आमच्याकडं चारदा. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, म्हणून 17 सप्टेंबरलाही प्रभात फेरी, भाषणं, गोळ्या-बिस्किटं. स्वातंत्र्य दोनदा मिळाल्याचा फायदा आमच्याकडच्या पोरांना तरी नेमका कळलेला आहे. 1 मे तर तिहेरी: महाराष्ट्र दिन, 1981 साली जालना जिल्हा झाला तो दिवस, आणि शाळेचा निकाल. जिल्ह्याचा वाढदिवस कोणाच्या लक्षात नसतो, कारण ज्याला त्याला आपल्या पोराची श्रेणी बघायची असते.

पण हे सगळं तोंडीलावणं. गॅदरिंगचा जीव आहे तो बक्षिसात.

शहरातल्या शाळेत पोरं नाचतात, आईबाप मोबाईल वर धरतात, नाच संपतो. आमच्याकडं नाच सुरू झाला की मंडपातून एक हात वर येतो. हातात नोट, नोटेला गुंडाळलेली चिठ्ठी. निवेदन करणारे गुरुजी डाव्या हातानं गाणं थांबवायची खूण करतात. "थांबा, थांबा! सातवीच्या मुलींच्या या बहारदार नृत्याला, आपल्या गावचे माजी सरपंच यांच्याकडून 101 रुपये बक्षीस! शाळेच्या वतीनं त्यांचे जाहीर आभार!" टाळ्या. मुली तोवर एक पाय उचललेल्या अवस्थेत. गाणं जिथं थांबलं तिथून लावणं मोबाईलवाल्या सरांना जमत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मुखडा संपायच्या आत दुसरी नोट. "थांबा, थांबा!" गावानं कित्येक गाण्यांचे मुखडे अशा रीतीनं चार-चारदा ऐकले आहेत, अंतरा आजवर कानावर पडलेला नाही. मुलींनी महिनाभर घासून बसवलेल्या सगळ्या अवघड स्टेप अंतऱ्यात असतात.

माजी सरपंचांच्या 101 ला विद्यमान सरपंचांचे 151 उत्तर देतात. मग भावकी जागी होते. 201, 251, 501. पाचशे एकवर दोन मिनिटं शांतता, आता मिटलं असं वाटतं, तेवढ्यात मंडपाच्या मागच्या अंगानं आवाज येतो, "551 लिहा!" ग्रामपंचायतीची निवडणूक ज्या वर्षी असते त्या वर्षी शाळेत नवा स्पीकर येतो, हे माझं निरीक्षण कोणत्याही शिक्षकानं खोडून काढलेलं नाही. एक गुरुजी वही घेऊन कोपऱ्यात बसलेले असतात. नाव, रक्कम, कोणत्या गाण्याला. दिवसभर गणित शिकवून त्यांचा हात बसलेला असतो, पण खाडाखोड होते ती नावांत. आडनावाआधी ‘पाटील’ राहिलं तर माणूस स्टेजवर चढतो. "नाव नीट घ्या की गुरुजी!" मग गाणं पुन्हा थांबतं, दुरुस्ती जाहीर होते, टाळ्या पुन्हा.

अलीकडं एका शाळेनं सुधारणा केली. स्टेजच्या पायाला क्यूआर कोड चिकटवला आणि किराणा दुकानातला बोलणारा डबा आणून ठेवला. नोटा नकोत, चिठ्ठ्या नकोत, सुट्ट्याची कटकट नको. डबा बोलायला लागला: इतके रुपये मिळाले, तितके रुपये मिळाले. पहिल्या पाच-सहा जणांनंतर पैसे यायचे बंद. गुरुजींना वाटलं रेंज गेली. रेंज ठणठणीत होती. डबा रक्कम सांगत होता, नाव सांगत नव्हता. ज्या बक्षिसात नाव नाही ते आमच्या माणसाला बक्षीस वाटत नाही, नुसता खर्च वाटतो. अर्ध्या तासात डबा झाकला गेला, चिठ्ठ्या परत आल्या आणि रक्कम पहिल्यासारखी चढायला लागली.

यावर शहरी मंडळी हसतील. त्यांना सांगायला माझ्याकडं जुना दाखला आहे. आमचं भोकरदन म्हणजे पूर्वीचं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातली व्यापारी पेठ. इथं उत्खननात हस्तिदंताची सुरेख मूर्ती सापडली होती. सांचीच्या स्तूपावर ज्यांनी ज्यांनी दान दिलं त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमचा माणूस रस्ता धरून पार भोपाळच्या पलीकडं गेला, स्तूपाला पैसे दिले आणि घाम पुसत तिथल्या भिक्खूला म्हणाला असणार, "नाव घ्या की!" दगड घडवणाऱ्याचं नाव बहुतेक ठिकाणी नाही. देणाऱ्याचं मात्र आजही वाचता येतं. शाळेच्या पंख्याच्या पात्यांवर, लोखंडी कपाटावर, पाण्याच्या टाकीवर ‘यांच्या स्मरणार्थ’, ‘यांजकडून सप्रेम भेट’ हे जे रंगवलेलं असतं, त्याला एवढी परंपरा आहे. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही म्हणून एका दात्यानं तो बंद ठेवायला सांगितला होता, असं ऐकलं. यावर माझा विश्वास बसतो.

आणि ते पैसे लागतात, हे विसरू नये. 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 25 हजारांचं संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. त्यात खडू, दुरुस्ती, विजेचं बिल, स्वच्छता सगळं आलं. पाण्याचा फिल्टर, भिंतीची रंगरंगोटी, कबड्डीची मॅट हे भावकीच्या ईर्ष्येतून येतं. सरकारनं ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ नावाची स्पर्धा काढली तेव्हा शाळा सजवायला गावोगावी लोकवर्गणी निघाली. त्या वर्गणीच्या सभेत सगळे गप्प होते, असं एका केंद्रप्रमुखांनी मला सांगितलं. सभेला माईक नव्हता.

मी आजवर जाहीर झालेली बरीच बक्षिसं ऐकली. त्यातलं एकच वेगळं निघालं. गोंधळाचं गाणं चाललं होतं. एक म्हातारी मंडपातून वाट काढत थेट स्टेजपाशी आली आणि कमरेची पिशवी सोडून दहाची नोट तिनं गुरुजींच्या हातात ठेवली. चिठ्ठी नव्हती. गुरुजी वाकून म्हणाले, "नाव काय घेऊ, आजी?"

"महं नाव कशाला? लेकराचं घ्या. त्ये बघा, कडंला संबळ वाजवायलंय. त्याची माय तिकडं ऊसतोडीच्या कोपीवर हाय, ती फोनवर ऐकायलीय."

गुरुजींनी नाव घेतलं. पोराचं पूर्ण नाव, त्याच्या आईच्या नावासकट. ते ऐकून पोराचा ताल चुकला आणि पुठ्ठ्याचं संबळ खाली पडलं. गुरुजींनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि त्या रात्री पहिल्यांदाच कोणी कुरकुर केली नाही. त्यानंतर लगेच 701 आले. माणसं माणसंच असतात.

बक्षीस वितरण सगळ्यात शेवटी, म्हणजे निम्मं गाव उठल्यावर. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, रांगोळी, शिष्यवृत्ती परीक्षा. लिंबू-चमच्यात पहिली आलेली मुलगी तेव्हा ड्रेस परत करायच्या घाईत असते, पोत्याच्या शर्यतीतला पहिला घरी जाऊन झोपलेला असतो, आणि गेल्या वर्षी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीत लागलेला, म्हणजे चार वर्षं वर्षाला 12 हजार कमावणारा पोरगा खुर्च्या उचलत असतो. जी लेकरं सापडतात त्यांचा फोटो निघतो. फोटोत सहा पाहुणे एक वही धरून उभे असतात. नीट पाहिलं तर तिसऱ्या आणि चौथ्या पाहुण्याच्या मधून एक शेंडी, एक डोळा आणि वहीच्या कडेला चार बोटं दिसतात. ती विजेत्याची.

तिसऱ्या दिवशी पेपरच्या जिल्हा पानावर बातमी येते. ती मी दरवर्षी कापून ठेवतो. अध्यक्षस्थानी कोण, उद्घाटक कोण, व्यासपीठावर कोण कोण, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, यशस्वितेसाठी कोणी कोणी परिश्रम घेतले. वीस-पंचवीस नावं, एकही चुकलेलं नाही. मधे कुठं तरी एक वाक्य: विद्यार्थ्यांनी विविध कलागुण सादर करून उपस्थितांची मने जिंकली. कोणत्या विद्यार्थ्यांनी, कोणते गुण, ते नाही. सातवीच्या पोरी सकाळी तो पेपर शाळेत वाचतात, आपलं नाव शोधतात, गुरुजींचं सापडलं म्हणून खूश होतात आणि पुढच्या वर्षीचं गाणं ठरवायला बसतात. कोळीगीतच.

तेव्हा यंदा जानेवारीत कोणत्या शाळेची पत्रिका आली, तर विशेष उपस्थिती आहात की सन्माननीय, हे न बघता जा. स्वेटर घालून जा. बक्षीस जरूर द्या, पण गाणं संपल्यावर द्या, एकदा तरी अंतरा होऊ द्या. आणि चिठ्ठीवर स्वतःच्या नावाच्या जागी नाचणाऱ्या एखाद्या लेकराचं नाव लिहा. माहीत नसेल तर शेजारी बसलेल्या बाईला विचारा, ती बहुधा त्याची आई किंवा आजीच असते. एवढं होत नसेल तर स्वतःच्या नावानं 551 द्या. पाटील लावून घेऊ. सहावीच्या वर्गाचं छत गळतंय.